वर जाणारा जिना: लेविटाउनच्या अर्ध्या घराची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग लेखी स्वरूपात.

आज एका जिन्यापासून सुरुवात करू. घर छोटं आहे. 30 फूट बाय 25 फूट, म्हणजे 750 चौरस फूट. दोन बेडरूम, हॉल, किचन, एक बाथरूम. आपल्याकडे याला टू बीएचके म्हणतील आणि मग हे कार्पेट की बिल्टअप यावर अर्धा तास वाद घालतील. तर या घरात मधोमध एक जिना आहे. तुम्ही वर जाता आणि वर काहीच नसतं. उतरतं छप्पर, उघडे वासे आणि पायाखाली तुळया. बिल्डरनं पोटमाळा मुद्दाम तसाच सोडलाय. जिना आम्ही दिला, वरचं तुमचं तुम्ही बघा, असा सरळ व्यवहार.

हे घर 1947 साली न्यूयॉर्कच्या पूर्वेला, लाँग आयलंडवर बांधलं गेलं. आणि तसंच दुसरं, तिसरं करत 1951 पर्यंत तिथे 17,447 घरं उभी राहिली. जागेचं जुनं नाव आयलंड ट्रीज, नंतर बिल्डरनं स्वतःचंच आडनाव देऊन टाकलं, लेविटाउन. अमेरिकन उपनगर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं ना, एकसारखी घरं, पुढे हिरवळ, बाजूला गाडी, ते चित्र ज्या गावांनी पक्कं केलं त्यातलं हे सगळ्यात गाजलेलं. पण आपल्याला आज हिरवळीत रस नाही. स्वस्त घर, तेही पुढे वाढवता येईल असं, विकायला काढलं की नेमकं काय काय होतं, ते बघायचंय.

आधी परिस्थिती समजून घेऊ. दुसरं महायुद्ध संपलं, लाखो सैनिक घरी आले, लग्नं झाली, मुलं झाली. आणि राहायला जागा नाही. 1929 च्या मंदीपासून घरबांधणी जवळपास थंडावली होती, त्यात युद्धात लाकूड, लोखंड सगळं आघाडीवर. इतिहासकार केनेथ जॅक्सन यांनी आकडे दिलेत: 1947 मध्ये 60 लाख अमेरिकन कुटुंबं नातेवाईक किंवा मित्रांकडे दाटीवाटीनं राहत होती, आणि आणखी 5 लाख कुटुंबं लष्करी पत्र्याच्या झोपड्यांत किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात. शिकागोत ट्रामचे जुने 250 डबे घरं म्हणून विकले गेले. ओमाहा शहरात कोणीतरी पेपरात जाहिरात दिली होती की मोठी बर्फपेटी आहे, 7 बाय 17 फूट, डागडुजी केली तर राहता येईल. सासू-सासऱ्यांच्या हॉलमध्ये पडदा लावून संसार करणं हा प्रकार फक्त गिरगाव-परळचा नाही बरं का. त्या काळी ब्रुकलिनमध्येही तेच चालू होतं.

आता लेविट मंडळी. वडील अब्राहम, मोठा मुलगा विल्यम, धाकटा आल्फ्रेड. विल्यम विकणारा, बोलणारा, पुढे येणारा. आल्फ्रेड नकाशे काढणारा. युद्धाआधी ही कंपनी पैसेवाल्यांसाठी घरं बांधायची. मग युद्धात त्यांना व्हर्जिनियातल्या नॉरफोक इथे कामगारांसाठी झटपट शेकडो घरं बांधायचं सरकारी काम मिळालं, आणि तिथे त्यांना वेगाची किंमत कळली. विल्यम स्वतः नौदलाच्या बांधकाम दलात होता. परत आला तेव्हा त्याच्या डोक्यात हिशेब तयार होता.

7 मे 1947 ला त्यांनी जाहीर केलं की आम्ही निवृत्त सैनिकांसाठी भाड्यानं 2,000 घरं बांधतोय. दोन दिवसांत त्यातली 1,000 लागली. कुठे? बटाट्याच्या शेतात. या शेतांना एका कृमीची कीड लागली होती, शेतकरी जमीन काढून टाकायच्या बेतात होते, म्हणून ती स्वस्तात मिळाली.

पण एक अडचण होती. स्थानिक नियमानुसार प्रत्येक घराला तळघर हवं. तळघर खोदायचं म्हणजे खर्च आणि वेळ. लेविटनं सरळ काँक्रीटचा सपाट चौथरा टाकायचं ठरवलं, त्याच्या पोटातच तांब्याच्या नळ्या बसवायच्या, त्यातून गरम पाणी फिरवायचं, म्हणजे जमीनच घर ऊबदार ठेवणार. नियम बदलायला हवा होता. मे महिन्याच्या अखेरीस हेम्पस्टेडच्या टाउन बोर्डाची सुनावणी झाली, त्याला निवृत्त सैनिक आणि त्यांच्या बायका गर्दी करून हजर. बोर्डानं नियम बदलला. जमावासमोर कोण नाही म्हणणार? तळघर गेलं, आणि मग अडगळ ठेवायला किंवा घर वाढवायला एकच दिशा उरली: वर. पोटमाळा या घरात आला त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

बांधकामाची पद्धत तर ऐकण्यासारखी आहे. गाड्यांच्या कारखान्यात पट्टा सरकतो आणि कामगार जागेवर उभा असतो. इथे घर जागेवर आणि कामगार सरकत जायचे. घर बांधण्याची 27 कामांत फोड केली होती. एक टोळी फक्त चौथरा ओतणार. एक फक्त खिळे ठोकणार. रंगाऱ्यांतही पांढरा रंग देणारा वेगळा आणि लाल देणारा वेगळा. एका माणसाचं काम तर एवढंच होतं की वॉशिंग मशीन जमिनीला बोल्टनं पक्कं करायचं. लाकूड कॅलिफोर्नियातल्या स्वतःच्या गिरणीतून, खिळे स्वतःचे, आणि मजूर युनियनबाहेरचे. ऐन भरात असताना दिवसाला 30 च्या वर घरं तयार व्हायची. 1 ऑक्टोबर 1947 ला पहिली 300 कुटुंबं राहायला आली, म्हणजे घोषणेनंतर पाच महिन्यांच्या आत. आपल्याकडे तेवढ्यात भूमिपूजनाचा फ्लेक्स फाटलेला असतो.

सुरुवातीला ही घरं 60 डॉलर महिना भाड्यानं दिली, नंतर हवी त्याला 6,990 डॉलरला विकत. 1949 मध्ये नवं मॉडेल आलं, 'रँच' नावाचं. 32 बाय 25 फूट, मागच्या बाजूला बागेकडे बघणारी मोठी काच, फ्रिज, शेगडी, वॉशिंग मशीन सगळं किमतीत. किंमत 7,990 डॉलर. आणि वर तोच न बांधलेला पोटमाळा. मार्च 1949 मध्ये विक्री सुरू झाली त्या एका दिवसात 1,400 करार झाले. काही कुटुंबं चार दिवस रांगेत होती. नव्या फोनसाठी रात्रभर रांग लावणाऱ्यांना हसू नका, निदान यांच्यासमोर घर तरी होतं.

आता पैशाचं गणित, कारण खरी गंमत इथे आहे. 1930 च्या आधी अमेरिकेत घरासाठी कर्ज घ्यायचं तर साधारण निम्मी रक्कम आधी हातात हवी, आणि उरलेलं तीन-पाच वर्षांत फेडा. म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत त्यालाच कर्ज. 1934 मध्ये सरकारनं फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन काढलं. हे खातं कर्ज देत नव्हतं, कर्जाचा विमा उतरवत होतं: माणूस बुडाला तर बँकेचे पैसे सरकार भरणार. मग बँका 25-30 वर्षांसाठी कर्ज द्यायला तयार झाल्या. त्यात 1944 च्या कायद्यानं निवृत्त सैनिकांच्या कर्जाला सरकारी हमी मिळाली. परिणाम असा की लेविटाउनमध्ये सैनिकाला डाउन पेमेंट नाही, आणि महिन्याचा हप्ता 58 डॉलरच्या आसपास. शहरातल्या भाड्यापेक्षाही बऱ्याचदा कमी! थोडक्यात, विल्यम लेविट स्वतःला खासगी उद्योगाचा शिलेदार म्हणवून घेत असला तरी त्याच्या प्रत्येक घराच्या चौथऱ्याखाली सरकारी हमी होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, थोड्या वेळानं लागणार आहे.

आता जिन्याकडे परत.

अर्धं घर विकण्यात बिल्डरचा फायदा काय, हे उघड आहे. किंमत खाली राहते. पण घेणाऱ्याचा? पंचवीस-तिशीतलं जोडपं, एक लहान मूल, दुसरं यायचंय. आज दोन बेडरूम पुरतात, पाच वर्षांनी पुरणार नाहीत. दर वेळी मोठं घर शोधायचं, जुनं विकायचं, परत कर्ज काढायचं. त्यापेक्षा वर दोन खोल्या आणि एक बाथरूम काढायची जागा आधीपासून आहे, पैसे साठतील तसं काम करा. आणि जमीन बघा: प्लॉट 60 बाय 100 फूट, म्हणजे 6,000 चौरस फूट. घरानं व्यापलेला त्यातला आठवा हिस्सा. मागे, बाजूला, वर, सगळीकडे मोकळं.

लोकांनी ते केलंच. शनिवार-रविवार हातोड्यांचे आवाज. इथले बरेच पुरुष कारखान्यांत किंवा हाताच्या धंद्यात होते, कोणी वायरमन, कोणी प्लंबर, कोणी सुतार. तू माझी वायरिंग कर, मी तुझ्या भिंती लावतो, असा फेरा. आधी पोटमाळ्यात मुलांच्या खोल्या झाल्या. मग लक्षात आलं की उतरत्या छपराखाली डोकं आपटतं, म्हणून मागचं छप्पर वर उचललं आणि सरळ भिंत काढून खिडक्या बसवल्या. मग गॅरेज. मग मागच्या बाजूला जेवणाची खोली. 1950 च्या दशकात 'थाउजंड लेन्स' नावाचं एक नियतकालिकच तिथे निघायचं, फक्त लेविटचं घर कसं वाढवावं यावर. आज आपण रील्स बघून किचनचे ट्रॉली-डिझाइन ठरवतो, त्याचा हा कागदी पूर्वज समजा.

बार्बरा केली या इतिहासकार बाईंनी 1993 मध्ये लेविटाउनच्या या बदलांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा मला पटतो. टीकाकारांनी गाव नवं असताना बघितलं, सगळी घरं सारखी, सगळी झाडं काडीएवढी, आणि ठरवून टाकलं की इथे माणसंही साच्यातून निघणार आणि वीस वर्षांत या सगळ्याची झोपडपट्टी होणार. शहरांवर लिहिणारे लुइस ममफर्ड हे त्या टीकेतलं मोठं नाव. त्यांना न बांधलेल्या पोटमाळ्याची ताकद दिसली नाही. आज लेविटाउनमध्ये फिरलात तर मूळ नकाशातलं घर शोधावं लागतं. एक दुमजली, एकाला पुढे खांब, एकाची बाजूनं लांबण लावलेली. सारखेपणा होता तो फक्त सुरुवातीचा.

आपल्याकडेही असा प्रयोग झाला, तो माहीत असू द्या. चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात सिडकोसाठी बेलापूरला जी वसाहत केली, आर्टिस्ट्स व्हिलेज, तिथे मूळ विचार हाच होता. बैठी छोटी घरं, सात घरांमध्ये एक अंगण, आणि शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत चिकटलेली नाही, म्हणजे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्यानं कोणाची परवानगी न मागता आपलं घर वाढवावं. आज तिथे जाऊन बघा, बऱ्याच ठिकाणी कौलारू घराच्या जागी तीन-तीन मजले उभे आहेत. अंगणं मात्र बरीचशी टिकलीत. कोरिया आणि लेविट यांचा थेट संबंध जोडायचा नाही, दोघांचे स्वभाव आणि पेशे पूर्ण वेगळे. फक्त, घर एकदम पूर्ण असायला हवं हा हट्ट सोडला की ते परवडायला लागतं, हे दोघांनाही कळलं होतं.

लेविटच्या बाबतीत मात्र पुढचं वाचल्याशिवाय ही गोष्ट सांगणं बरोबर नाही.

भाडेकराराच्या कागदावर नियमांची यादी होती. काही नियम हसू येईल असे: कुंपण घालायचं नाही, हिरवळ हंगामात आठवड्याला कापायची, शनिवार-रविवारी कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत. वाळत घातलेले कपडे दिसले की सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकणारे काका तुम्हाला माहीतच आहेत. पण 25 वं कलम वेगळं होतं. त्यात लिहिलं होतं की भाडेकरू या घरात गोऱ्या वंशाच्या माणसांखेरीज कोणालाही राहू देणार नाही. आणि पुढे एक सवलत: नोकर म्हणून असेल तर चालेल.

म्हणजे युद्धात लढलेला कृष्णवर्णीय सैनिक. 1944 चा तोच कायदा त्यालाही लागू. गणवेश तोच. तो बायकोला घेऊन रविवारी नमुना-घर बघायला यायचा, जिना चढून पोटमाळा बघायचा, फॉर्म मागायचा, आणि विक्रीवाला सांगायचा की मालकांनी तुमच्या लोकांना विकायचं अजून ठरवलेलं नाही. असे अनुभव त्या पिढीतल्या माणसांनी पुढे मुलाखतींतून सांगितलेत.

यात लेविट एकटा दोषी होता का? नाही, आणि हा भाग जास्त त्रासदायक आहे. मघाशी म्हटलं ती सरकारी हमी आठवते? त्या खात्याच्या नियमपुस्तिकेतच वस्ती एका वंशाची राहावी म्हणून करारात अशी कलमं असावीत, अशी शिफारस होती. मिश्र वस्तीतलं कर्ज धोक्याचं समजलं जायचं. म्हणजे कलम घालणं हा नुसता एका बिल्डरचा पूर्वग्रह नव्हता, त्यामागे सरकारी पैसा उभा होता. 1948 मध्ये सुप्रीम कोर्टानं शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात सांगितलं की अशी कलमं कोर्टातून अंमलात आणता येणार नाहीत. लेविटनं काही काळानं ते कलम कागदावरून काढलं. धोरण नाही काढलं. ज्या दोन गोऱ्या भाडेकरू कुटुंबांनी आपल्या अंगणात कृष्णवर्णीय मुलांना खेळायला बोलावलं होतं, त्यांचा भाडेकरार पुढे वाढवायला कंपनीनं नकार दिला. विल्यम लेविटचं म्हणणं असं होतं की मी घरांचा प्रश्न सोडवू शकतो किंवा वंशाचा, दोन्ही एकत्र नाही. स्वतः ज्यू कुटुंबातला माणूस, एका रब्बीचा नातू. ज्यूंनाही घर नाकारणाऱ्या वस्त्या अमेरिकेत तेव्हा होत्याच, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

1952 मध्ये पेन्सिल्व्हेनियात दुसरं लेविटाउन सुरू झालं, जवळपास तेवढंच मोठं. तिथे ऑगस्ट 1957 मध्ये बिल आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपं तीन लहान मुलांसह राहायला आलं. कंपनीकडून नाही, एका रहिवाशाकडून घर विकत घेऊन. बिल हा माजी सैनिक, रेफ्रिजरेशनचं काम करणारा. त्यांना हवी होती ती मुलांसाठी जास्तीची एक खोली, बस. बातमी पसरली आणि संध्याकाळपर्यंत घरासमोर शेकडोंचा जमाव. दगड आले, काचा फुटल्या. स्थानिक पोलिसांना आवरेना तेव्हा गव्हर्नर जॉर्ज लीडर यांनी राज्याचे पोलीस पाठवले. पण ते एका रात्रीत थांबलं नाही. जवळच्या एका रिकाम्या घरात लोक जमून रात्र रात्र मोठ्यानं गाणी लावायचे, दक्षिणेचा जुना बंडखोर झेंडा फडकवायचे. शेजारी ज्या गोऱ्या कुटुंबानं मदत केली त्यांनाही त्रास. शेवटी राज्य सरकारनं कोर्टात जाऊन मनाई हुकूम आणला. याच काळात, हेही सांगायला हवं, बरेच शेजारी येऊन त्यांच्याकडे साफसफाई करत होते, पहारा देत होते, मुलांना सांभाळत होते. मायर्स कुटुंब त्या घरात 1961 पर्यंत राहिलं.

न्यू जर्सीतल्या तिसऱ्या लेविटाउनमध्ये 1960 साली कंपनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरली आणि कृष्णवर्णीयांना घरं विकावी लागली. 1968 मध्ये घरविक्रीतल्या भेदभावाविरुद्ध देशभराचा कायदा आला. त्याच वर्षी विल्यम लेविटनं कंपनी विकली, शेअर्सच्या रूपात 9 कोटी डॉलरच्या वर मिळाले. पुढे त्या शेअर्सचे भाव घसरले, नवे धंदे बुडाले, 1994 मध्ये तो गेला तेव्हा जवळ फारसं काही उरलं नव्हतं.

आता शेवटचा हिशेब. 7,990 डॉलर म्हणजे आजच्या पैशात साधारण एक लाख डॉलर. लाँग आयलंडच्या लेविटाउनमध्ये आज चांगलं घर पाच-सहा लाखांच्या खाली सहसा मिळत नाही. ही वाढ काही बँकेतल्या व्याजासारखी आपोआप झालेली नाही. वर काढलेल्या खोल्या, उचललेलं छप्पर, वडिलांचे शनिवार, आईनं वाचवलेले पैसे, हे सगळं त्यात आहे. याच घरावर कर्ज काढून कोणाच्या मुलाचं कॉलेज झालं, कोणी दुकान टाकलं, कोणी पोरांना पहिल्या घरासाठी पैसे दिले. आणि 1949 साली ज्याला फॉर्मच मिळाला नाही, त्याच्या नातवंडांकडे ती पायरीच नाही. हप्ता तर तोही भरू शकला असता. महिन्याला 58 डॉलर तो कुठेतरी भाड्यात भरतच होता.

1960 च्या दशकातल्या कायद्यांनी दार उघडलं, पण तोवर घरांची किंमत वाढायला लागली होती, कारण आधीच्या मालकांनी ती वाढवली होती. लाँग आयलंडच्या त्या लेविटाउनमध्ये कृष्णवर्णीय रहिवाशांचं प्रमाण आजही अगदी थोडं आहे.

डेझी मायर्स यांना डिसेंबर 1999 मध्ये तिथल्या महापौरांनी परत बोलावलं, झाल्या गोष्टीबद्दल माफी मागितली आणि गावातल्या ख्रिसमसच्या झाडाला त्यांचं नाव दिलं. त्या आल्या, आणि पुढे आपल्या आठवणींचं पुस्तकही त्यांनी लिहिलं.

आजचा भाग इथेच. तुमच्या घरानं कधी पोटमाळा, गॅलरी किंवा मागचं अंगण खोलीत बदलून घेतलं असेल तर कोणी बांधलं, किती साली आणि किती खर्चात, हे घरातल्या मोठ्यांना विचारून आम्हाला कळवा. पुढच्या भागात आपण लाँग आयलंड सोडून गिरणगावात येऊ, आणि दहा बाय बाराच्या खोलीत माळा कसा काढतात ते बघू.